हरणाचं नाणं

आईच्या मुठीत पंचवीस सेंटचं नाणं होतं. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला कॅरिबूचं, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाचं डोकं, शिंगं पार कडेपर्यंत गेलेली. ते हिमनदीच्या पाण्यात टाकायला तिनं हात मागे नेला आणि मी म्हटलं, "आई, इथे काही टाकायचं नसतं." आवाज वाजवीपेक्षा चढला होता. वारंच इतकं होतं की मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू जात नव्हतं, असं मी नंतर स्वतःला बरेचदा सांगून पाहिलं. तिनं हात खाली घेतला, हातमोजा दातात धरून पर्सची चेन उघडली, नाणं आत टाकलं, चेन लावली. "बरं," एवढंच म्हणाली. वाद घातला असता तर मी केव्हाच विसरून गेले असते. ते "बरं" मात्र अजून कानात आहे.

आई आली होती माझ्या बाळंतपणाला. नोव्हेंबरात कॅल्गरीला उतरली ती डिंक, अळीव आणि खारकेची पूड घेऊन, आणि पुढचे पाच महिने तिनं कॅनडा पाहिला तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून. समोरच्या घराचं गॅरेज, साचलेला बर्फ, तो ढकलणारा शेजारी. बाळाला न्हाऊमाखू घालायचं, मला शेकायचं, रात्री दोनला उठून "दे इकडे, तू पड जरा" म्हणायचं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातलं परतीचं तिकीट होतं. एक दिवस भांडी पुसता पुसता म्हणाली, "ती बर्फाची नदी म्हणतात ती लांब आहे का गं?" इतिहासाची मास्तरीण. तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण भूगोलाच्या पुस्तकातली हिमनदीची आकृती तिच्या डोक्यात बसून राहिली होती. वाईच्या माणसाला नदी म्हटलं की राहवत नाही.

ज्याला विचारावं तो म्हणत होता, आत्ता कशाला जाता, जूननंतर जा. खरंच होतं ते. एप्रिल हा तिथला ना इकडचा ना तिकडचा महिना. हिवाळ्याचे खेळ संपत आलेले, उन्हाळ्याचे प्रवासी आलेले नसतात, हॉटेलं कुलपात, तळी गोठलेली, आणि अस्वलं नुकती कुठे बाहेर पडायला लागलेली. पण जूनपर्यंत आई राहणार नव्हती. गुढीपाडवा होऊन चारपाच दिवस झाले होते. वाईत आत्ता चैत्रगौर बसली असेल, पन्हं नि आंब्याची डाळ झाली असेल, दुपारी घाटाच्या पायऱ्या तापून पाय ठेवू देत नसतील. आणि आम्ही पहाटे सहाला उठून दशम्या, तिळाची चटणी, चहाचा थर्मास आणि बाळाची मोठी पिशवी गाडीत भरत होतो.

लेक लुईसला टाकी काठोकाठ भरून घेतली, कारण पुढच्या रस्त्यावर पेट्रोलचा भरवसा नाही. थोड्याच वेळात फोनची रेंजही गेली. हा रस्ता उन्हाळ्यात म्हणजे नुसती जत्रा. त्या दिवशी तासाभरात समोरून चार गाड्या आल्या असतील. हिवाळ्याच्या महिन्यांत इथे बर्फाचे टायर सक्तीचे असतात, आणि ते का, हे पहिल्याच चढावर कळलं. दोन्ही बाजूंना स्प्रूसची काळी झाडं आणि मध्ये वाऱ्यानं रस्त्यावर ओढलेल्या भुरभुरत्या बर्फाच्या पट्ट्या. तव्यावर पीठ भुरभुरावं तशा. आई पुढच्या सीटवर, पदर पोटाशी घट्ट धरून. साडीखाली थर्मल, साडीवर स्वेटर, स्वेटरवर माझा जुना जाड कोट, डोक्याला कानटोपी. "मी अगदी बोचक्यासारखी दिसतेय ना?" म्हणाली, आणि स्वतःच हसली.

तिला निळी तळी बघायची होती. माझ्या नवऱ्याच्या फोनवर पेटो तळ्याचा फोटो आहे, त्यातला निळा रंग खरा असतो का, हा तिचा पाच महिन्यांचा प्रश्न. बो तळ्यापाशी गाडी थांबवली तर समोर नुसता पांढरा पसरा. तळं कुठलं आणि काठ कुठला तेही कळेना. मी समजावून सांगितलं की हिमनदी खालच्या खडकाला घासत असते, त्याचं बारीक पीठ होतं, ते पाण्यात तरंगत राहतं, आणि त्यावरून उजेड परतला की तो रंग दिसतो. "म्हणजे जातं," आई म्हणाली. "वरची शिळा फिरते, खालची गप्प बसते, आणि पीठ दोघींचं पडतं." मग थोडा वेळ त्या पांढऱ्या पसाऱ्याकडे बघत राहिली. "आणि आत्ता जातं बंद आहे." बंद नाही, सावकाश चालू असतं, असं म्हणणार होते. पण बाळ रडायला लागलं.

सनवाप्टा खिंड ओलांडली की बॅन्फचं उद्यान संपतं आणि जॅस्परचं सुरू होतं. मला त्या पाटीपेक्षा तिथला उतार जास्त आवडतो. खिंडीच्या अलीकडचं पाणी सस्कॅचवान नदीतून हडसनच्या उपसागराकडे जातं; पलीकडचं सनवाप्टा नदीत, मग अथाबास्का, मग स्लेव्ह, मग मॅकेन्झी, असं करत थेट आर्क्टिकला. आणि वर कोलंबिया हिमक्षेत्रावर स्नो डोम नावाचं एक शिखर आहे, ३,४५६ मीटर उंच. त्याच्या एका उतारावरचं वितळलेलं पाणी पॅसिफिकलाही पोचतं. एका डोक्यावरून तीन समुद्र. मी हे जरा रुबाबात सांगितलं. आई म्हणाली, "महाबळेश्वरासारखंच की." आणि खरंच, त्या पंचगंगेच्या देवळात शेजारीशेजारी उगम मानलेल्या नद्यांपैकी सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोटला अरबी समुद्रात जाते आणि कृष्णा आमच्या वाईवरून अख्खं पठार ओलांडून बंगालच्या उपसागराला. जन्मभर मी ते देऊळ बघत आले, दगडी गायीच्या तोंडातून पडणारं ते पाणी ओंजळीनं प्यायले, आणि इथे दहा वर्षं लोकांना स्नो डोमचं कौतुक सांगताना मला हे कधी सुचलं नव्हतं.

अथाबास्का हिमनदीच्या समोरची ती मोठी इमारत बंद होती. पार्किंगमध्ये आमच्यासकट तीन गाड्या. बर्फावर चढणाऱ्या त्या माणूसभर उंच चाकांच्या बस हंगामाची वाट बघत उभ्या. एक डोमकावळा आमच्या गाडीच्या टपावर येऊन बसला आणि दशमीचा वास त्याला लागला असावा, कारण तो शेवटपर्यंत हलला नाही. बाहेर उणे सहा, आणि वारा धरून त्याच्याही खाली. बाळाला एवढ्या वाऱ्यात नेण्याचा प्रश्नच नव्हता. नवरा म्हणाला, तुम्ही दोघी जाऊन या, मी बसतो याला घेऊन. नुकतं पाजलं होतं, म्हणजे माझ्याकडे दीड तास. आईच्या पायात जावयाचे बूट, दोन मोजे घालून घट्ट केलेले, वर रबरी काट्यांचे पट्टे. हातात एक काठी. हिमनदीकडे जाणाऱ्या फाट्यावर फाटक लावलेलं होतं. त्याच्या बाजूनं आम्ही आत शिरलो आणि चालायला लागलो.

तिथे गेलेल्यांना माहीत आहे की वाटेवर सालं लावलेली आहेत. अमुक साली हिमनदी इथपर्यंत होती. खरं तर पहिलं साल तुम्ही गाडीतून उतरता तिथेच असतं, पाटी दिसो न दिसो: १८४४च्या सुमाराला बर्फाचं टोक आजच्या हमरस्त्याच्या पलीकडे, त्या इमारतीपर्यंत पोचलं होतं. तिथून आजवर दीड किलोमीटरहून जास्त मागे गेलं आहे. आईला हे सांगितल्याबरोबर तिच्यातली मास्तरीण जागी झाली. "१८४४? कोल्हापूरच्या गडकऱ्यांचा उठाव. सामानगड." आणि चालायला लागली. बर्फ वरून कडक, वाऱ्यानं पापुद्रा धरलेला, त्यावर पाय ठेवला की क्षणभर तोलून धरायचा आणि मग कर्रकन आत जायचं. दर पावलाला तेच. तिच्या गुडघ्यांकडे माझं लक्ष होतं. तिचं लक्ष पुढच्या पाटीकडे.

१९०८. "टिळकांना मंडालेची सहा वर्षं." ती पाटीशी थांबली, कमरेवर हात ठेवून मागे वळून गाडीकडे पाहिलं, मग पुढे बर्फाकडे. "बापरे. टिळक सुटून आले तोवर केवढा सरकला असेल."

१९८२. "एशियाड. मी कॉलेजात होते. त्यानंतर त्या दिल्लीच्या बस आल्या आपल्याकडे, आणि अजून लोक निमआराम एसटीला एशियाडच म्हणतात." तिला धाप लागली होती, पण बोलायची थांबेना. शाळेतून निवृत्त झाल्यापासून असा तास तिला मिळाला नव्हता बहुतेक. उजवीकडे सनवाप्टा तळं गोठून पांढरं, समोर तीन टप्प्यांनी उतरत आलेली हिमनदी, तिच्या दोन्ही अंगांना रेव आणि दगडांचे लांबच लांब बांध. बर्फाला कसलाच वास नव्हता. वाईला वळवाच्या पावसात गारा पडायच्या तेव्हा आम्ही पोरं पातेली घेऊन अंगणात धावायचो. त्या गारांना मातीचा, तापल्या पत्र्याचा, थोडा आंब्याच्या पानांचा वास असायचा. बर्फ म्हणजे तो वास, असं माझ्या डोक्यात कुठेतरी अजून पक्कं आहे. इथे हवा नाकात शिरायची आणि आत सुईसारखी उभी राहायची, बस.

पुढची पाटी १९९२ची.

आईनं काही सांगितलं नाही. मीच म्हटलं, "इथे तुझा इतिहास संपला वाटतं." ती म्हणाली, "९२ ला तू झालीस." एवढं म्हणून पाटीवरचा बर्फ हातमोज्यानं झाडला, फळा पुसावा तसा. मग तिथून हिमनदीच्या कडेपर्यंत नजरेनं अंतर मोजत राहिली. मीही पाहिलं. माझ्या वयाएवढं अंतर. आधीची सालं सगळी कोणाकोणाची होती, टिळकांची, गडकऱ्यांची, दिल्लीची. हे साल माझ्या अंगावर आल्यासारखं झालं. माझ्या जन्मानंतर हे एवढं गेलं, आणि त्यातली दहा वर्षं मी गाडीनं तीनचार तासांच्या अंतरावर राहते आहे.

कडेच्या अलीकडे दोर लावलेला आहे, त्याच्या पुढे जायचं नाही. या दिवसांत तर मुळीच नाही, कारण भेगांवर हिवाळ्याचा बर्फ पुलासारखा धरलेला असतो आणि वरून सगळं सपाट, पक्कं दिसतं. उन्हाळ्यात निदान भेग दिसते तरी. आईला वाटलं होतं जवळ गेल्यावर निळा काचेसारखा बर्फ दिसेल. निळेपण फक्त दूर वर, जिथे हिमनदी उतारावरून तुटत येते त्या कड्यांत होतं, नीळ टाकलेल्या कपड्याच्या घडीतल्यासारखं. खाली सगळं पांढरंशुभ्र, गुबगुबीत. "मला तर तब्येत बरी दिसते हिची," आई म्हणाली. आणि मला हसू आलं, कारण एप्रिल हा हिमनदीचा जमेचा महिना. हिवाळाभर पडलेला बर्फ आत्ता पुरता साठलेला असतो, खर्च अजून सुरू झालेला नसतो. हिमनद्यांचा हिशेब ठेवणारी माणसं वसंताच्या या टप्प्यावर एकदा आणि उन्हाळा संपल्यावर एकदा मोजमाप करतात. मघाच्या रस्त्यावर डोंगराआड राहिली ती पेटो हिमनदी, तिचा असा हिशेब १९६०च्या दशकापासून ठेवलेला आहे, आणि शिल्लक उतरतीच आहे. एप्रिलमध्ये बघून काही कळत नाही. सप्टेंबरात या म्हणजे दिसेल, करड्या पाठीची, मळकी, कडा झिजलेली.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली, जी मला स्वतःला कळायला बराच वेळ लागला होता. हिमनदी मागे जाते म्हणतात, पण ती कधी मागे जात नाही. बर्फ वरून खालीच येत असतो, आत्ता या क्षणीसुद्धा. फक्त जेवढा येतो त्याहून जास्त टोकाशी वितळतो, म्हणून कडा मागे सरकते. आई लगेच म्हणाली, "पगार येतोय महिन्याच्या महिन्याला, पण पुरत नाहीये." बाबांच्या पतपेढीतल्या नोकरीवर तिनं संसार केला होता. तिला याहून जास्त समजावण्याची गरज नव्हती.

मग ते पाणी. दोराच्या डाव्या अंगाला, रेव उघडी पडली होती तिथे बर्फात हातभर रुंदीचं एक भोक होतं आणि त्यातून काळं पाणी वाहताना दिसत होतं. आधी आवाज आला. वारा पडला की ऐकू यायचा, पुन्हा वारा उठला की जायचा. बुडबुड नव्हे, पालथ्या हंड्याखाली कोणी बोलावं तसा. आई तिथे वाकली. एसटी वाईच्या पुलावर आली की बोलता बोलता पर्समधून नाणं काढून खिडकीतून टाकणारी बाई ती. कृष्णा, नीरा, भीमा, गोदावरी, नदी मोठी की लहान तिला फरक पडत नाही. लहानपणी पाच पैसे, मग चार आणे, मग रुपया. मला तेव्हा वाटायचं नदीचंही तिकीट असतं. इथे यायच्या आदल्या रात्री तिनं जावयाकडून मुद्दाम नाणं मागून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. "आपले रुपये नकोत, तिथलं द्या," म्हणाली होती. त्यानं मूठभर चिल्लर पुढे केली तर तिनं त्यातून हरणाचं निवडलं.

आणि मी म्हटलं, आई, इथे काही टाकायचं नसतं.

नियम माझ्या बाजूनं होता, अजूनही आहे. वर्षाला लाखो माणसं तिथे येतात, प्रत्येकानं एक एक नाणं टाकलं तर काय होईल, हे सगळं मला तोंडपाठ येतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात यातलं काही नव्हतं, खोटं कशाला सांगू. दीड तासातला तासावर वेळ गेला होता, छाती भरून यायला लागली होती, बाळ उठलं असेल असं वाटत होतं. आणि आमच्या मागे वीसेक पावलांवर एक जोडपं उभं होतं. महागड्या जाकिटातलं, ट्रायपॉड लावलेलं. मी ओरडायच्या आधी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं होतं. आईनं ते पाहिलं का, मला माहीत नाही. ती फार बघते.

परतताना सालं उलटी लागली. ९२, ८२, १९०८. आई काही बोलली नाही, धाप लागली होती म्हणून असेल. गाडीत बाळ गाढ झोपलेलं होतं. नवऱ्यानं चहा ओतून दिला. दशम्या थंडीनं कडक झाल्या होत्या, त्या आईनं काचेवर येणाऱ्या हीटरच्या वाऱ्यावर धरून मऊ केल्या. डोमकावळ्याला तुकडा द्यावा का, असं तिनं मला विचारलं नाही. काच खाली केली नाही. हेही मला लागलं.

खिंडीच्या पुढे लागल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे तुमच्या नळाला येतं ते पाणी हे नव्हे?" नव्हे. कॅल्गरीला येतं ते मुख्यतः बो नदीचं, सकाळच्या त्या पांढऱ्या तळ्यातून उतरणारं. "मग हे कोणाला मिळतं?" मी सांगितलं की ते उत्तरेला जातं, अथाबास्का नदीतून फोर्ट मॅकमरीवरून. फोर्ट मॅकमरी म्हटल्यावर ती जावयाकडे बघायला लागली, कारण हे नाव तिनं घरात ऐकलेलं होतं. तिथल्या डांबरी वाळूतून तेल काढतात, नदीचं पाणी वापरून. नवरा तिथे राहत नाही, कॅल्गरीच्या ऑफिसात बसून त्याच तेलाचे आकडे मांडतो. आमच्या घराचा हप्ता, बाळाचा पाळणा, आईचं तिकीट. नवरा आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, "हो आई, तीच नदी." पुढे कोणी बोललं नाही. बाहेर ऊन खाली आलं होतं आणि झाडांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या, आगगाडीच्या रुळांखालच्या फळ्यांसारख्या. सहाशे किलोमीटरचा फेरा मारून आम्ही रात्री घरी आलो तेव्हा टाकी तळाला गेली होती.

आई गेली. विमानतळावर बाळाच्या पायांवर नाक घासून घासून तिनं ते लाल केले. ती गेल्यावर दोन दिवसांनी मी देव्हारा पुसायला घेतला आणि अन्नपूर्णेच्या मागे ते नाणं सापडलं. हळद लावलेलं, दोन्ही बाजूंनी. कॅरिबूच्या शिंगांच्या खाचांत हळद वाळून बसली होती. फोनवर मी काही विचारलं नाही, तिनंही काढलं नाही. ती म्हणते, बाळ पालथं पडलं का, दात शिवशिवतात का, तू जेवतेस का वेळेवर.

जूनच्या सुरुवातीला बो नदीला पाणी चढलं. करडं, घाईतलं, काठाची विलोची झाडं गुडघाभर बुडालेली. मी बाबागाडी घेऊन पुलावर गेले होते, नाणं कोटाच्या खिशात होतं. मधोमध थांबले. सकाळची वेळ, एक सायकलवाला गेला, मग कोणी नाही. कठड्यावरून हात बाहेरही काढला. मग आठवलं की ही नदी ती नव्हे. हिला देणं लागते मी, तेही खरं, पण हे नाणं तिनं निवडलं होतं ते दुसरीसाठी.

संध्याकाळी आईचा फोन आला. वाईत पाऊस पडून गेला होता, घाटावर पाणी यायचं होतं अजून. "तुमच्याकडे आलं का गं नदीला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आलंय. ती जरा थांबली. मागे कोणाची तरी रिक्षा गेली, कुत्रं भुंकलं.

"आणि त्या वरच्या हिला?"

मी म्हटलं, सप्टेंबरात जाऊन बघून येईन.

"ये," ती म्हणाली. "आणि माझं देऊन ये. कोणी नसेल तेव्हा."